मादाम रतूरची गाडी

मोकनीन गावात मन्नूबियाला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं तशी थोडीच. तिचा भाऊ, गल्लीतल्या दोन-चार म्हाताऱ्या आणि बँकेतला कारकून. बाकी सगळं गाव तिला मादाम रतूर म्हणायचं. रतूर म्हणजे परत. जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात ती अठ्ठावीस वर्षं शेवटच्या टेबलावर बसत होती. कापणाऱ्यांच्या, शिवणाऱ्यांच्या, बटणं ठोकणाऱ्यांच्या हातांखालून गेलेली प्रत्येक पँट अखेर तिच्यापुढे येऊन पडायची. ती पँट आतून-बाहेरून उलटायची, शिवणीवरून अंगठा फिरवायची आणि काही खुपलं की मान वर न करताच म्हणायची, "रतूर." ती पँट पुन्हा मागे जायची. शिवणाऱ्या पोरी तिच्या नावाने बोटं मोडायच्या. पण तिच्या टेबलावरून गेलेला एकही गठ्ठा कधी इटलीहून परत आला नव्हता, हेही त्याच पोरी बाहेर अभिमानाने सांगायच्या.

तिचं लग्न झालेलं नव्हतं. दोन स्थळं सांगून आली होती. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "तीही हिने रतूर केली."

तर झालं असं, की कारखान्याच्या मालकाने गावातली जुनी जागा विकली आणि सगळी यंत्रं जम्मालच्या बाजूला, पंधरा-सोळा किलोमीटरवर नव्या इमारतीत हलवली. मोकनीनच्या बायकांचे हाल सुरू झाले. सकाळी सहाला नाक्यावर जाऊन उभं राहायचं. लमजदची भाड्याची व्हॅन आठ माणसं भरल्याशिवाय हलायची नाही. सात माणसं झाली की लमजद निवांत कॉफी पीत बसायचा आणि आठवं माणूस यायच्या नावाने शिमगा. दहा मिनिटं उशीर झाला तरी पगार कापला जायचा. मन्नूबियाच्याच गल्लीतल्या दोघी तिच्या बरोबर असायच्या. रबीहा ही काज करणारी, तिशीची, तोंडाने फटकळ. नजीबा इस्त्रीवरची, वयाने मन्नूबियाएवढीच, पण गुडघ्यांनी बेजार.

एके दिवशी व्हॅन पावसात बंद पडली. तिघी चिखलातून दोन किलोमीटर चालत गेल्या आणि दारावर पोचल्या तेव्हा अर्धा दिवस कापला गेला होता. रबीहा चपलेचा चिखल काढता काढता म्हणाली, "मावशी, तुमच्या कपाटात लायसन्स आहे ना? ते काय लोणच्यात घालून ठेवलंय?"

लायसन्स होतं खरं. मन्नूबियाने ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी काढलं होतं. लेखी परीक्षेत ती पहिल्याच फटक्यात पास झाली, पण गाडी मागे घेताना तीनदा नापास. चौथ्यांदा तिने गाडी दोन खांबांच्या मधोमध अशी नेऊन ठेवली, की परीक्षक खाली उतरून दोन्ही बाजूंना वीत लावून बघत बसला. त्यानंतर दोन वर्षं ते लायसन्स कपाटात पडून होतं. भावाची गाडी होती, पण भाऊ तिला हात लावू द्यायचा नाही.

त्या संध्याकाळी ती भावाकडे गेली. हमीदा तिच्याहून सात वर्षांनी मोठा. तेलघाणीतून निवृत्त झालेला, दिवसातले सहा तास कॅफेत पत्ते कुटणारा.

"दादा, मी गाडी घ्यायची म्हणते."

हमीदाने सिगारेट विझवली. "कसली गाडी?"

"छोटी. चार घोड्यांच्या ताकदीची. कर कमी पडतो, पेट्रोल कमी पिते. जुनी, पण भरवशाची. बारा हजार दिनार जमलेत. त्याच्यावर एक दिनारही नाही."

"बारा हजारांत भरवशाची? बारा हजारांत हल्ली गाढवसुद्धा भरवशाचं मिळत नाही. आणि तुला गाडीतलं काय कळतं गं? हे काही पँटीला बटण लावणं नाही." मग जरा मऊ होऊन म्हणाला, "तू यात पडू नकोस. जल्लूलला सांगतो. आपला माणूस आहे."

हा जल्लूल गाड्यांचा दलाल. हमीदाची गाडीही त्यानेच मिळवून दिली होती, आणि ती गाडी हमीदाच्या अंगणात कमी आणि गॅरेजात जास्त राहायची. पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

दोनच दिवसांनी जल्लूल गाडी घेऊन दारात हजर. सूर्य बुडून गेला होता, मशिदीतून मगरीबची बांग नुकतीच झाली होती. लालचुटूक गाडी, टायरसुद्धा काळ्या पॉलिशने चमकवलेले. आत अत्तराचा असा घमघमाट, की नजीबाला दाराशीच शिंका सुरू झाल्या.

"ताई, ही बघा." जल्लूलने बॉनेटवर हात ठेवला. "ट्यूनिसच्या एका डॉक्टरीणबाईंची. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. पावसात बाहेर काढली नाही कधी. तुम्ही हमीदाच्या बहीण म्हणून आणली, नाहीतर बाजारात उभी करताच उचलतील."

मन्नूबियाने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या दरवाजापाशी थांबली. दरवाजा आणि पत्रा यांच्यातल्या फटीत तिने करंगळी घातली. वर करंगळी आत गेली, खाली गेली नाही. मग ती दोन पावलं मागे सरली, मान तिरकी केली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"ताई, बसून तरी बघा."

"उद्या दुपारी आणशील का?"

"दुपारी? का बरं?"

"मला उन्हात बघायची आहे."

आता हे तिचं रोजचं काम. जीन्सच्या पँटीचा एक पाय एका ताग्यातला आणि दुसरा पाय दुसऱ्या ताग्यातला असला, तर दिव्याखाली दोन्ही सारखेच निळे दिसतात. उन्हात नेलं की लगेच फरक डोळ्यात भरतो. म्हणून तिने आपलं टेबल हट्टाने खिडकीपाशी मांडून घेतलं होतं. संध्याकाळच्या त्या उजेडातही तिला वाटलं, की हा मागचा दरवाजा दुसऱ्या ताग्यातला आहे.

जल्लूलचं हसू जरा सैल झालं. "उद्या दुपारपर्यंत ही राहते कुठे? दोन गिऱ्हाइकं सकाळीच येणार आहेत."

"मग त्यांचं नशीब. रतूर."

हमीदा त्यानंतर आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. "माझ्या मित्राला दारातून हाकललंस. भर गल्लीत," एवढंच त्याने बायकोकरवी कळवलं.

पण मन्नूबियाला त्या संध्याकाळी एक गोष्ट पक्की कळली होती. पत्र्यावरची लबाडी तिला दिसते. पत्र्याच्या आतलं मात्र काही कळत नाही. तेव्हा आतलं शिकायला हवं.

गावाच्या कडेला, मिठाच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उस्ताद तुहामीचं गॅरेज होतं. उस्ताद मोजकं बोलणारा, कपाळाला कायम ग्रीसचा पट्टा. शनिवारी कारखाना अर्धा दिवस असायचा. मन्नूबिया दुपारी तिथे जाऊन उभी राहिली.

"काय झालंय गाडीला?" उस्तादने गाडीखालूनच विचारलं.

"गाडी नाहीये अजून. घ्यायची आहे. त्याआधी शिकायचंय."

उस्ताद सरपटत बाहेर आला. तिच्या स्वच्छ कोटाकडे, कडक रुमालाकडे बघत म्हणाला, "बाई, इथे बसू नका. कपड्यांना तेल लागेल."

तिने आजूबाजूला पाहिलं. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकाची गादी फाटून आतला स्पंज बाहेर आला होता. दुरुस्तीला आलेल्या एका टॅक्सीच्या सीटा उसवलेल्या होत्या. "हे सगळं मी शिवून देते," ती म्हणाली. "तुम्ही मला इंजिन दाखवा."

असा सौदा झाला. नोव्हेंबर ते जानेवारी, ती दर शनिवारी दुपारी तिथे. एका हातात दाभण, एक कान उस्तादकडे. उस्तादला शिकवायची सवय नव्हती. तो काम करता करता स्वतःशीच पुटपुटल्यासारखा बोलायचा आणि ती ते टिपून घ्यायची. इंजिन गार असताना सुरू करून बघायचं, गरम इंजिन काय वाटेल ते लपवतं. ऑइलच्या झाकणाखाली साय धरल्यासारखं पांढरं दिसलं, तर हात जोडून निघून यायचं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. टायर एकाच बाजूने झिजलेला असला, तर गाडी कधीतरी कुठेतरी आदळलेली. काट्यावर साठ हजार किलोमीटर आणि क्लचच्या पेडलचं रबर मात्र गुळगुळीत, तर काटा मागे फिरवलेला. गालिचा उचलून वास घ्यायचा. कुबट आला तर आत पाणी शिरलेलं. लोहचुंबक बरोबर ठेवायचं. जिथे ते चिकटणार नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली.

कारखान्यात प्रत्येक नव्या मालासाठी तपासणीचा एक तक्ता असायचा. मन्नूबियाने वहीत गाडीचा तसाच तक्ता आखला. एकतीस कलमं झाली. उस्तादने तो वरपासून खालपर्यंत वाचला, कानामागची पेन्सिल काढली, एकोणिसाव्या कलमात 'रेडिएटर'चं स्पेलिंग दुरुस्त केलं आणि म्हणाला, "हे मला एक लिहून द्या. भिंतीवर लावतो."

फेब्रुवारीत ती बाजारात उतरली.

गाड्यांचा बाजार रविवारी, गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात भरतो. पहाटेपासून गाड्या येऊन रांगा लावतात. काचेवर साबणाने किमती लिहिलेल्या, मधूनमधून लबलाबीच्या हातगाड्यांवरून चण्यांचा आणि जिऱ्याचा वाफाळता वास, आणि जिकडेतिकडे हातात जपमाळ फिरवत दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवणारी माणसं. बायका दिसल्याच तर नवऱ्याच्या मागे. त्यात या तिघी. पुढे मन्नूबिया, चष्मा आणि वही घेऊन. मागे रबीहा, मुठीत लोहचुंबक. सगळ्यांत शेवटी नजीबा, गुडघे सांभाळत, पिशवीत फराळ.

पहिल्या रविवारी तिने सहा गाड्या पाहिल्या. सहाही परत. दुसऱ्या रविवारी नऊ. एका गाडीखाली ती गुडघे टेकून वाकली, तेव्हा गाडीवाला मिश्यांवर हात फिरवत आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काकी, गाडी घ्यायला आलात की सून बघायला?"

सगळे हसले. मन्नूबिया उठली, गुडघ्यांवरची माती झटकली. "सून पसंत पडली नाही तर निदान तिच्या बापाचा पत्ता ठाऊक असतो. तू पुढच्या रविवारी सापडशील का?"

आता हसण्याचा आवाज दुप्पट झाला. गाडीवालाही हसला आणि त्याने आपणहून बॉनेट उघडून दाखवलं. आत रेडिएटरच्या कडेला ओल होती. "रतूर," मन्नूबिया म्हणाली, आणि रबीहाने वहीत काट मारली.

त्या दिवशी परतताना नजीबा थकून गेली होती. "अगं, तुला परिपूर्ण गाडी कुठून मिळणार? बारा हजारांत?"

"परिपूर्ण कोण मागतंय? उसवलेलं चालेल मला. उसवलेलं दिसतं. लपवून शिवलेलं नको," मन्नूबिया म्हणाली. पण तीही आतून खचली होती. त्या आठवड्यात लमजदच्या व्हॅनने त्यांना दोनदा उशीर केला.

तिसऱ्या रविवारी थंडी कडाक्याची होती. बाजाराच्या अगदी टोकाला, कुंपणाजवळ, एक हिरवी गाडी उभी होती. हिरवी म्हणजे कधीकाळी. आता उन्हाने रंग उडून ती वाळलेल्या ऑलिव्हच्या पानासारखी दिसत होती. मागचा बंपर चेपलेला. काचेवर साबणाने नाही, तर कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून चिकटवलेलं: बारा हजार पाचशे. आत एक म्हातारा गृहस्थ मफलर गुंडाळून वर्तमानपत्र नाकापाशी धरून वाचत होता. पहाटे पाचपासून बसला होता आणि नऊ वाजले तरी गाडी सुरू करून दाखवा असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं.

मन्नूबियाने बॉनेटवर तळवा ठेवला. गारठलेलं. तिने काचेवर टकटक केलं.

म्हातारा घाईघाईने उतरला. हादी मास्तर, निवृत्त शाळामास्तर, बनान गावचे. "बघा, बघा, सावकाश बघा. डोळे साथ देत नाहीत आता, म्हणून विकतोय. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही त्या झाडाला सलाम केलात."

मन्नूबियाने सुरुवात केली. दरवाजांच्या फटी वर-खाली सारख्या. चारही दरवाजे एकाच ताग्यातले, सारखेच उडालेले. रबीहाचं लोहचुंबक सगळीकडे खटाखट चिकटलं. गालिच्याखाली कोरडी धूळ आणि एक खडूचा तुकडा. क्लचचं रबर झिजलेलं, पण काटाही खरं तेच सांगत होता, एक लाख चौतीस हजार. तिने किल्ली फिरवली. एवढ्या थंडीत इंजिन एका दमात सुरू झालं, आणि मागे उभी असलेली नजीबा धुराचा रंग बघून ओरडली, "काही नाही! नुसती वाफ!"

मास्तरांना शेजारी बसवून तिने मैदानाबाहेरच्या रस्त्यावर गाडी नेली. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, उतारावर तिसऱ्या, रिव्हर्स, ब्रेक. गिअर असे पडत होते, जसा नव्या मशीनमध्ये टाका पडतो. परत आल्यावर तिने वही उघडली.

"मास्तर, तीन दोष निघाले. मागचा बंपर. पुढचा डावा टायर गुळगुळीत झालाय. मागची काच वर करायला त्रास पडतो."

मास्तरांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्या हातात दिला. त्यावर त्यांच्या हस्ताक्षरात लिहिलेलं होतं: गाडीतले दोष. एक, बंपर. दोन, टायर. तीन, काच. चार, डावीकडे वळताना हॉर्न कधीकधी वाजत नाही.

मन्नूबियाने तो कागद दोनदा वाचला. "चौथा माझ्या हातून सुटला," ती म्हणाली.

मास्तरांनी मग डिकीतून एक फाइल काढली. चौदा वर्षांची बिलं, तारीखवार. ऑइल, पट्टा, ब्रेक, वार्षिक तपासणीचे सगळे दाखले. मन्नूबिया पानं उलटू लागली आणि तिला भान राहिलं नाही.

तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. "मास्तर, केलात का मग विचार?"

जल्लूल. तिला बघून तो क्षणभर थबकला, मग सलाम करून मास्तरांकडेच वळला. "मी पहाटेच सांगितलं ना तुम्हाला. गिअरबॉक्स गेलाय. महिनाभराने घेणारा तुमच्या दारात येऊन शिव्या घालेल. या वयात कशाला तो ताप? साडेआठ हजार देतो, आत्ता, रोख. घरी जाऊन गरम गरम सूप प्या."

मास्तरांचा चेहरा उतरला. पहाटेपासून थंडीत बसलेला माणूस; गाडीतलं त्यांना काही फारसं कळत नव्हतं, हिशेब ठेवणं तेवढं ठाऊक. ते मन्नूबियाकडे वळले. "बाई, तुम्ही आत्ता चालवलीत. खरंच का हो, गिअरबॉक्स?"

रबीहाने मागून मन्नूबियाच्या कोटाची बाही ओढली. त्या ओढण्याचा अर्थ मन्नूबियाला कळला. नुसतं गप्प राहायचं. किंमत खाली येऊ द्यायची आणि मग जल्लूलच्या वर शे-दोनशे टाकून गाडी घ्यायची. उरलेल्या तीन हजारांत टायर, बंपर, रंगसुद्धा होईल. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण हातात ती फाइल होती, आणि चांगल्या शिवणीला वाईट म्हणणं तिला अठ्ठावीस वर्षांत कधी जमलं नव्हतं.

"गिअरबॉक्सला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "गिअर मी चढावर, उतारावर टाकून पाहिले. गाडी उत्तम आहे. साडेआठला देऊ नका."

जल्लूल हसायलाच लागला. "असलं गिऱ्हाईक आयुष्यात पाहिलं नाही! स्वतः घ्यायला आलेली आणि मालाची तारीफ करतेय!"

"मालात दोष असला की मी सांगते, हे तुला माहीत आहे. नसला तर नाही म्हणून सांगायला नको?"

"मग द्या साडेबारा! बघू किती घट्ट धरता!"

"माझ्याकडे बारा आहेत," मन्नूबिया मास्तरांना म्हणाली. "त्यातून टायर आणि कागदपत्रांचा खर्च. तुमचं न जमलं तर मला वाईट वाटणार नाही. पण याला देऊ नका."

मास्तरांनी पुढे होऊन काचेवरचा कागद सोलून काढला, अगदी हळू, कोपरे न फाडता. "अकरा हजार सातशे," ते म्हणाले. "टायर तुमचा तुम्ही घाला. आणि जल्लूल, तुझा बाप माझ्या वर्गात होता. तोही गणितात असाच कच्चा होता."

आजूबाजूला जमलेली पाच-पन्नास माणसं खदखदून हसली. मिश्यांवाला गेल्या रविवारचा गाडीवालाही त्यांत होता, तो सगळ्यांना सांगत सुटला, "मी म्हटलं नव्हतं? या बाईला फसवणं सोपं नाही!" जल्लूलने जपमाळ खिशात घातली आणि गर्दीतून वाट काढत तो दिसेनासा झाला. रबीहाने तोंडावर हात आडवा धरला आणि जीभ झरझर हलवत असा लांबलचक झग्रूत काढला, लग्नघरी काढतात तसा, की पलीकडच्या रांगेतले लोक नवरी कुठे आहे ते बघायला धावले.

सोमवारी तिने रजा टाकली. उस्ताद तुहामी गाडीखाली पाऊण तास होता. बाहेर आल्यावर हात पुसत त्याने एवढंच विचारलं, "दुसरी आहे का अशीच?" दुपारी नगरपालिकेच्या खिडकीवर मास्तरांनी आणि तिने कागदांवर सह्या केल्या. कारकुनाने शिक्के मारले. मास्तर गाडीला पाठ करून निघून गेले. वळणापर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही, आणि मन्नूबियानेही त्यांना हाक मारली नाही.

हमीदा संध्याकाळी आला. बॉनेट उघडलं, बंद केलं. टायरला लाथ मारली. आत बसून किल्ली फिरवली, इंजिन ऐकलं, पुन्हा बंद करून पुन्हा फिरवली. मग खाली उतरून म्हणाला, "रंग काही बरा नाही."

"नाहीच," मन्नूबिया म्हणाली.

"हं," हमीदा म्हणाला आणि चहा प्यायला थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला तिघी निघाल्या. पुढे मन्नूबिया, शेजारी गुडघ्यांमुळे नजीबा, मागे रबीहा. चौकात गाडी दोनदा बंद पडली. मागून हॉर्नवर हॉर्न वाजू लागले. मन्नूबियाने पुन्हा किल्ली फिरवली. "बिस्मिल्ला म्हण आणि सोड क्लच," नजीबाने डोळे मिटून सांगितलं. तिसऱ्या वेळी गाडी निघाली. नाक्यावर लमजदची व्हॅन अजून दोन माणसांची वाट बघत उभी होती. रबीहाने मागची काच खाली करायला घेतली, ती अडकली, म्हणून तिने दोन्ही हात लावून ती ओढली आणि डोकं बाहेर काढून ओरडली, "लमजद, कॉफी थंड होतेय!"

जम्मालच्या अलीकडच्या चौकात पोलिसाने हात केला. मन्नूबियाने काच उतरवली, सगळे कागद एकाखाली एक लावून त्याच्यापुढे धरले. त्याने पाहिले, मग या तिघींकडे पाहिलं. "कुठे निघालात, काकी?"

"कामावर."

"जा. अल्लाच्या हवाली."

कारखान्याच्या पहारेकऱ्याने आधी आडकाठी उचललीच नाही. त्याला वाटलं, वाट चुकून कोणी आलंय. मग मन्नूबियाला ओळखून तो हसत धावला. साहेबांच्या गाड्यांच्या रांगेत एक जागा रिकामी होती. तिने मागे वळून पाहिलं आणि गाडी उलटी आत घेतली, एकाच दमात, दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये. घंटा व्हायला चाळीस मिनिटं होती. नजीबाने घरून आणलेली गरम म्लावीच्या पोळ्या आणि तिखट हरिसाची बरणी बॉनेटवर मांडली. कामावर येणाऱ्या बायका थांबत होत्या, गाडीवरून हात फिरवत होत्या, एक घास तोडून घेत होत्या. सगळ्यांत वरच्या मजल्याचा साहेब आला तेव्हा खाली तीसेक बायका जमल्या होत्या. त्याने विचारलं, "कोणाची आहे ही?" आणि कोणी एकीने उत्तर द्यायची वाट न बघता सगळ्या एकदम ओरडल्या, "मादाम रतूरची!"

त्या दिवसापासून उशिरासाठी तिघींचा पगार एकदाही कापला गेला नाही. थोड्याच दिवसांत गल्लीतली आणखी एक शिवणारी मागच्या सीटवर आली. पेट्रोल चौघी मिळून भरत. बाजारात आता कोणी तिला काकी म्हणून चिडवत नाही. लोक रविवारी तिला बरोबर चला म्हणून बोलवायला येतात. ती मोकळी असली तर जाते. पैसे घेत नाही; उन्हाळ्यात कोणी कलिंगड आणून ठेवलं तर नको म्हणत नाही. उस्तादच्या भिंतीवर तिचा तक्ता टांगलेला आहे. त्यात आता बत्तीस कलमं आहेत. बत्तिसावं, डावीकडे वळताना हॉर्न वाजवून बघणे.

एप्रिलच्या सुट्टीत तिने सगळ्यांना कैरवानला नेलं. ऐंशी किलोमीटर, एवढा लांबचा तिचा पहिलाच प्रवास. हमीदाही निघाला. मागच्या सीटवर, रबीहा आणि तिच्या मुलीच्या मध्ये कोंबून बसला आणि गावाची वेस ओलांडल्यापासून सुरू झाला. आता गिअर टाक. आता ट्रक येतोय. इतकी उजवीकडे कशाला. कैरवानला पोचल्यावर गरम मक्रूद घेतले, खजुराने भरलेले, मधात बुडवलेले. आणि परत निघताना रबीहाने हमीदाच्या तोंडापुढे पुडाच धरला. "दादा, खा. जरा हळूहळू चावा." तोंड भरलेलं असेपर्यंत गाडीत शांतता होती.

पुडा संपल्यावर हमीदाने बोटं चाटली, बाहेर ऑलिव्हच्या बागा मागे पळत होत्या तिकडे थोडा वेळ पाहिलं आणि घसा खाकरून म्हणाला, "मन्नूबिया, रस्ता सरळ आहे. जरा मी चालवून बघू का?"

"दादा, तुला माझ्या गाडीतलं काय कळतं?"

नजीबा इतकी हसली, की तिला ठसका लागला. हमीदाही हसला, मान मागे टेकली आणि दहा मिनिटांत घोरायला लागला. मन्नूबियाने तिसरा गिअर टाकला, मग चौथा, आणि पुढच्या ट्रकला हॉर्न देऊन ती त्याच्या पुढे निघून गेली.